माळवदाच्या घरातलं स्वयंपाकघर : जुन्या वळणाची लाकडी कपाटं कशी आखावीत

माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या, घरातलं स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं की पहिला फोन जातो तो मॉड्युलर किचनवाल्याला. तो फोन जरा लांबवा. त्याची कपाटं काटकोनातल्या विटांच्या भिंतींसाठी बनलेली असतात. आपल्या भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट जाड, आणि खालपासून वरपर्यंत एका ओळंब्यात क्वचितच असतात. शिवाय जोंधळ्याची कोठी कुठं ठेवायची, लोणच्याच्या बरण्या कुठं, काठवट आणि परात कुठं, हे प्रश्न त्याच्या कागदावर नसतातच. लातूर, धाराशिव, बीड, परभणीच्या गावठाणांत निजामाच्या काळातली, काही त्याहून जुनी, कितीतरी घरं अजून नांदती आहेत. त्यांतलं एखादं राखायचं असेल तर कपाटंही त्या घराच्या मापानं आखावी लागतात.

जुन्या स्वयंपाकघरात आजच्या अर्थानं कपाटं नव्हतीच. स्वयंपाक खाली बसून व्हायचा. चूल, तिच्या बाजूला वैल, हाताशी पाटा-वरवंटा. भांडी मांडणीवर, धान्य बळदात (भिंतीतल्या कोठारात), दूध-तूप शिंकाळ्यात, आणि उरलेलं सगळं कोनाड्यांत नि फडताळांत. म्हणून 'जुन्या वळणाचं' करायचं म्हणजे प्लायवर नक्षीची पट्टी डकवायची असं नव्हे. घरातली दारं, फडताळं आणि मांडणी यांची मापं, सांधे आणि लय घ्यायची आणि त्यातून नवं कपाट काढायचं. दुसरी गोष्ट मराठवाड्यात याहून महत्त्वाची आहे: या भिंतींना वजन टांगायचं नाही. कपाट एकतर भिंतीतच असावं, नाहीतर जमिनीवर आपल्या पायांवर उभं असावं. खालचं सगळं या दोन गोष्टींवर बेतलेलं आहे.

भिंतीला का टांगायचं नाही

दगड-मातीची जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते. आत बहुतेक वेळा दगडांचे दोन वेगळे थर असतात, एक बाहेरचा, एक आतला, आणि मधे माती नि दगडांच्या चिपांची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड पुरेसे नसतील तर एक थर हळूहळू पोट काढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात अशाच भिंती फुटल्या आणि माळवदाचं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर जुनी घरं मजबूत करण्यासाठी जे सांगितलं गेलं, त्यात आरपार बांधदगड घालणं आणि छतावरची जादा माती उतरवणं या दोन गोष्टी ठळक होत्या.

आता अशा भिंतीत चार बोल्ट ठोकून पितळी डब्यांनी भरलेलं कपाट टांगलं तर तो बोल्ट धरतो फक्त आतल्या थराला. बोल्ट किती लांब आहे याला फार अर्थ नाही, कारण पुढं भर आहे. म्हणून ओट्याच्या वर डोक्याच्या पातळीला कपाटांची रांग हा प्रकार या घरात मुळातच काढून टाका. त्या जागी काय करायचं ते फडताळाच्या भागात येईल.

कपाटांचं काम सुरू होण्याआधी भिंत आणि छत जाणकार इंजिनिअरला दाखवा. भिंतीला पोट आलं आहे का, तुळया आणि सर या छताच्या लाकडांची भिंतीत गेलेली टोकं कुजली आहेत का, साण्याभोवती (छतातल्या झरोक्याभोवती) ओल उतरते का, हे पाहून घ्या. गिलावा करायचा असेल तर चुन्याचा करा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि ती ओल मग कपाटाच्या पाठीमागं जमते. वाळवीचा बंदोबस्तही आत्ताच, फरशी आणि भिंतीच्या सांध्यात. कपाटं बसल्यावर तिथं हात पोचत नाही.

घरात आधीच काय आहे ते टिपून घ्या

एक वही करा. घरातल्या प्रत्येक जुन्या लाकडी वस्तूचं माप त्यात लिहा: माजघराचं दार, फडताळाची दारं, देवघराची चौकट, मांडणी, एखादी जुनी पेटी. नुसती उंची-रुंदी पुरत नाही. उभी पट्टी किती इंची, आडवी किती, मधल्या दिलह्याला (चौकटीत बसवलेल्या फळीला) कडेनं उतार आहे का, चौकटीच्या कडेला गोलाई आहे की साधा कोन, मूठ कुठल्या उंचीवर आहे, हे सगळं लिहा.

उदाहरणादाखल एक फडताळ घ्या. भिंतीतलं तोंड पावणेतीन फूट रुंद, चार फूट उंच. दोन पाखं. प्रत्येक पाखाची उभी पट्टी अडीच इंची, वरची आडवी अडीच इंची, खालची मात्र साडेतीन. मधे दोन दिलहे, वरचा लहान, खालचा मोठा. डाव्या पाखावर एक अरुंद पट्टी, जी मिटल्यावर उजव्या पाखाला झाकते आणि फट दिसू देत नाही. आतून लाकडी खिट्टी, बाहेरून लहानशी कडी. या फडताळानं तुम्हाला नव्या कपाटाचं अर्धं डिझाइन देऊन टाकलं आहे. खालची पट्टी वरच्यापेक्षा रुंद ठेवली की दार डोळ्याला बसल्यासारखं दिसतं, आणि सगळ्या पट्ट्या सारख्या केल्या की काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. जुन्या सुतारांना हे ठाऊक होतं.

घराचा खणही मोजा. दोन खांबांमधलं अंतर ही या घराची खरी मोजपट्टी आहे. नवी कपाटं खणाखणात बसवा: एका खणात एक कपाट, आणि खांब मोकळा. खांबाला चिकटवून कपाट आणलं तर खांबाची जोती आणि वरचा कोरीव भाग दोन्ही झाकले जातात, नि खांबाच्या पायाशी वाळवी लागली तर ती दिसतही नाही. दोन्ही बाजूंनी दोन इंच मोकळे सोडा.

रंगाचं म्हणाल तर दाराच्या बिजागरीमागचा कोपरा हलकेच खरवडून पाहा. तिथं थरावर थर सापडतात आणि मूळ रंग कळतो. मात्र जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, पाणी मारून खरवडा, नाकातोंडाला मास्क लावा, आणि लेकरांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

सामानाची यादी, वजनासकट

ही पायरी लोक टाळतात आणि मग वर्षभरात ओट्यावर डब्यांची गर्दी होते. स्वयंपाकघरातलं सगळं सामान बाहेर काढा आणि त्याचे चार ढीग करा: रोज लागणारं, आठवड्याला लागणारं, सणावाराला लागणारं, आणि वर्षभराचा साठा. आपल्याकडं चौथा ढीग मोठा असतो. ज्वारी, तूरडाळ, हरभरा, करडईचं तेल, येसर, काळा मसाला, पापड-कुरडया-शेवयांचे डबे, चिंच, गूळ, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या.

प्रत्येक मोठ्या वस्तूची उंची, घेर आणि भरल्यावरचं वजन लिहा. सगळ्यात उंच बरणी तेरा इंचाची असेल तर तिच्या कप्प्याला झाकण काढायच्या जागेसह पंधरा-सोळा इंच लागतात. परात उभी ठेवायची तर तिच्या घेराएवढी उंची आणि तीन इंच रुंदीची खाच पुरते. आडवी ठेवली तर तीच परात अख्खा कप्पा खाते. काठवट हवेशीर ठेवावी लागते, बंद कपाटात ती तडकते किंवा तिला बुरशी धरते. पाटा आणि खलबत्ता कपाटात नकोच, त्यांना ओट्याखाली दगडी फरशीवर जागा द्या.

फळी किती वाकेल याचाही विचार इथंच करा. इंचभर जाड सागाच्या फळीला अडीच फुटांवर, १८ मिलिमीटर प्लायला दोन फुटांवर आधार हवा. पितळी डबे ठेवणार असाल तर त्याहूनही जवळ.

माप घेणं

नव्या फ्लॅटमध्ये एकदा टेप लावला की झालं. इथं प्रत्येक भिंत तीन उंचींवर मोजायची: जमिनीलगत, कमरेजवळ आणि खांद्याजवळ. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप कपाटाचं. नंतर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही. एकेका कोपऱ्यात गुण्या लावून फरक किती ते लिहून ठेवा. भिंतीला ओळंबा सोडा आणि वर-खाली किती तफावत आहे ते नोंदवा. जमिनीची पातळी पारदर्शक पाण्याच्या नळीनं काढा. जुन्या शहाबादी फरशीला न्हाणीकडं किंवा मोरीकडं ढाळ दिलेला असतो, आणि सहा-सात फुटांत इंचभर फरक सहज निघतो.

हा वाकडेपणा कपाटानं दुरुस्त करायला जाऊ नका. कपाट काटकोनात, पातळीत बनवा, भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच सुटं ठेवा आणि ती फट झाकायला कडेला एक सुटी पट्टी द्या. ती पट्टी बसवताना पाहण्यासारखी असते. सुतार पट्टी भिंतीला टेकवून उभी धरतो, कंपासाचं एक टोक भिंतीवर आणि दुसऱ्या टोकाची पेन्सिल पट्टीवर ठेवून वरून खाली सरकवत आणतो. भिंतीचा प्रत्येक फुगवटा पट्टीवर उमटतो. त्या रेषेवर करवत चालवली आणि रंध्यानं कड साफ केली की पट्टी भिंतीला अशी बसते की मधे पोस्टकार्डही जात नाही. सुतार निवडताना त्याला हे काम येतं का, एवढं जरूर विचारा.

कपाट भिंतीपासून सुटं ठेवायला आणखी एक कारण आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं घर दरवर्षी थोडंथोडं हलतं. घट्ट ठोकलेलं कपाट त्या हालचालीत पिळवटतं, त्याची दारं अडायला लागतात.

आखणी आणि उंची

कागदाआधी खडू. खोली रिकामी करून ओटा, कपाटं, फ्रिज, मोरी हे सगळं फरशीवर खऱ्या मापात आखा. दोन माणसं एकमेकांना न धडकता फिरू शकतात का ते पाहा. मधे साडेतीन फूट तरी हवेत. दारं उघडल्यासारखी करा. दोन-चार दिवस ती आखणी तशीच राहू द्या आणि घरात प्रत्यक्ष स्वयंपाक करणाऱ्या माणसाला त्यात वावरू द्या. त्या माणसाचं म्हणणं शेवटचं धरा.

ओट्याची उंची कॅटलॉगमधून घेऊ नका. सरळ उभं राहून कोपर काटकोनात दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईसाठी हे माप साधारण ३१ ते ३३ इंच येतं. चिरणं-निवडणं यासाठी ते ठीक. पण भाकरी थापायला ही उंची जास्त होते. थापताना जोर खांद्यातून येतो आणि हात परातीत वरून पडावा लागतो. म्हणून ओट्याचा एक भाग, अडीच-तीन फूट रुंदीचा, २८-२९ इंचांवर ठेवा. शेगडीखालचा भागही असाच उतरवा, कारण शेगडीची स्वतःची उंची त्यात मिळते आणि तव्यावरची भाकरी उलटताना हात खांद्यापर्यंत उचलावा लागत नाही. रोज दहा-पंधरा भाकरी करणाऱ्या घरात या चार इंचांनी खांदे वाचतात. माझ्या मते अख्ख्या आखणीतला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच.

घरात कुणाला अजूनही बसून काम करायची सवय असेल तर एका खणात ओटा करूच नका. तिथं बुटकी पेटी, पाट आणि भिंतीतलं फडताळ पुरे.

ओट्याची खोली दोन फूट. खाली पाऊल आत जायला चार इंच उंच, तीन इंच खोल जागा सोडतात. मी मात्र जुन्या घरात सहा इंची पायांवरच कपाट उभं करायला सांगते. खालून झाडू जातो, फरशी धुता येते, आणि वाळवीची मातीची वाट वर चढू लागली तर ती दिसते. लाकडाचा पाय थेट फरशीवर ठेवू नका. प्रत्येक पायाखाली इंचभर जाडीचा दगडी तुकडा द्या.

ओट्याचा पृष्ठभाग ग्रॅनाइटचा असावा. काळा कडप्पा जुन्या घरात शोभतो खरा, पण तो चुनखडीचा दगड आहे. लिंबू आणि चिंच सांडली की त्यावर पांढुरके डाग कायमचे राहतात. कडप्पा ओट्याखालच्या उभ्या आधारांना आणि मोरीखालच्या कप्प्याला वापरा.

पाण्याची जागा सुरुवातीलाच आखा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं; एरवीही नळ रोज येईल याचा भरवसा बऱ्याच गावांत नसतो. त्यामुळं घागरी, माठ आणि जार यांच्यासाठी दगडी घडवंची हवीच. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो, चार जार नि दोन घागरी म्हटलं तर शंभर किलोंच्या वर गेलं. हे वजन लाकडावर नको. घडवंचीला मोरीकडं थोडा ढाळ द्या आणि तिच्या शेजारचं लाकडी कपाट हातभर लांब ठेवा.

फडताळ, मांडणी आणि जाळीचं कपाट

वर टांगायचं नाही म्हटल्यावर डोळ्यांच्या पातळीवरचा साठा कुठं जाणार? आधी भिंतीत. जुनी फडताळं आणि कोनाडे कुणीतरी विटांनी बुजवून टाकलेले असतात. भिंतीवर बोटानं ठोकत गेलं की पोकळ आवाज येतो. ते उघडा. डोक्यावरची लाकडी किंवा दगडी पट्टी शाबूत आहे का ते पाहूनच. नवं फडताळ मात्र खोदू नका. दगड-मातीच्या भिंतीत नवं भगदाड म्हणजे तिची ताकद कमी करणं.

उघडलेल्या फडताळाला आतून चुन्याचा गिलावा, मग लाकडी पेटी, आणि पेटी नि भिंत यांच्यात सगळीकडून बोटभर हवा. फळ्या पेटीच्या खाचेत सरकत्या ठेवा म्हणजे डब्यांच्या उंचीप्रमाणं बदलता येतात. भिंत जाड असल्यामुळं फडताळ दीड फुटापर्यंत खोल मिळतं. मागच्या रांगेत वर्षाचा साठा, पुढच्या रांगेत रोजचं. बळद असेल तर त्याचं तोंड राखा. आत जाळीची खिडकी आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवून धान्याचे डबे छान राहतात.

दुसरी सोय म्हणजे उभी मांडणी. खाली दारांचं कपाट, वर उघड्या फळ्या, आणि सगळं जमिनीवर उभं. वरचा भाग अरुंद, दहा-अकरा इंच खोल, आणि प्रत्येक फळीच्या पुढं दीड इंचाचा कठडा, म्हणजे धक्का बसला तरी भांडी घरंगळत नाहीत. जड भांडी खालच्या फळीवर. मांडणी पुढं कलंडू नये म्हणून वरून एक पितळी पट्टी जवळच्या लाकडी खांबाला दोन बारीक स्क्रूंनी लावा. ती भार घेत नाही, फक्त तोल धरते. खांबाला मोठे बोल्ट पाडायची परवानगी कुणाला देऊ नका.

तिसरं, जाळीचं कपाट. चार पाय, तिन्ही बाजूंना बारीक जाळी, दूध, दही, भाकरीची दुरडी आणि उरलेलं कालवण यांच्यासाठी. फ्रिज आला तरी याची जागा गेलेली नाही. कांदे-बटाटे, लसूण, पिकत घातलेली फळं यांना हवाच लागते. नव्या कपाटांच्या एक-दोन दारांत दिलह्याच्या जागी जाळी घातली तरी तेच काम होतं, आणि ते या घरात खरं दिसतं.

लाकूड

चौकटी, दारं आणि पाय सागवानाचे. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या जंगलात साग आहे, आणि चंद्रपूरकडच्या बल्लारशाहचा माल आपल्याकडं बराच येतो. बाजारात त्याला अजून सीपी टीक म्हणतात, जुन्या मध्य प्रांतावरून. घेताना गाभ्याचं लाकूड घ्या. कडेचा पांढुरका भाग स्वस्तात मिळतो, पण कीड आणि वाळवी सर्वांत आधी त्यालाच धरतात. पावती आणि वाहतुकीचा परवाना मागून घ्या.

पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर उत्तम. वर्षानुवर्षं वाळलेलं असल्यानं ते फार हलत नाही. फक्त त्यात गाडलेले खिळे असतात. प्रत्येक इंचावरून लोहचुंबक फिरवा, नाहीतर मशीनचं पातं जातं. वाळवीची पोकळी आहे का, हे ठोकून आवाजावरून कळतं. अशा लाकडाची घट जास्त धरा.

हिशोब घनफुटात चालतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ नं भागा. सात फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ८४ भागिले १४४, साधारण ०.५८ घनफूट. सगळ्या तुकड्यांची अशी यादी करून त्यावर चौथा हिस्सा कटाईसाठी धरला की अंदाज हाती येतो, आणि वखारीत कुणी भलतंच सांगितलं तर लगेच कळतं.

लाकूड आणल्यावर ते ज्या घरात बसणार आहे तिथंच, मधे पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवा. दोन-तीन महिने मिळाले तर फार बरं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं; आकडा १२ टक्क्यांच्या आत आला की कामाला हात घाला. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठाक होते, श्रावण-भाद्रपदात ती दमट. सागासारखं शांत लाकूडही या फरकानं रुंदीत थोडं फुगतं-आकसतं. लांबीत जवळपास नाहीच. जुन्या दारांत दिलहे असतात ते याचसाठी. दिलहा चौकटीच्या खाचेत सुटा बसतो. तो खिळ्यानं किंवा सरसानं पक्का केला तर कोरड्या दिवसांत मधोमध तडकतो. उन्हाळ्यात दारं करत असाल तर दिलह्याला फुगायला खाचेत सूतभर (इंचाचा आठवा भाग) जागा सोडायला सांगा. पावसाळ्यात करत असाल तर तो खाचेत खोल बसवायला सांगा. आणि पॉलिशचा पहिला हात दिलहा बसवण्याआधीच द्या, नाहीतर आकसल्यावर कडेनं कोरी पट्टी उघडी पडते.

आतल्या कप्प्यांना, पाठीला प्लाय चालतो. मोरीजवळ आयएस ७१० चा मरिन प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३. फळीवरचा आयएसआयचा शिक्का स्वतः पाहा. मोरीच्या थेट खाली मात्र प्लायही नको. तिथं कडप्प्याचे कप्पे आणि पुढं जाळीचं दार, म्हणजे गळती लपत नाही.

सुताराशी बोलणं

काम रोजावर द्यायचं की उक्तं, हा वाद जुना आहे. मी दोन भागांत देते: साचे आणि मोठी कपाटं उक्ती, फडताळं आणि भिंतीशी जुळवायच्या पट्ट्या रोजावर. भिंतीशी जुळवण्याचं काम उक्तं दिलं की घाईत होतं, आणि ती घाई कायम डोळ्यासमोर राहते.

पूर्ण ऑर्डर देण्याआधी एक दार करून घ्या, अगदी पॉलिशसह. ते जुन्या फडताळाशेजारी उभं करून पाहा. पट्ट्यांची रुंदी, दिलह्याचा उतार, मुठीची जागा, सगळं इथं ठरतं. सांधे वेज (भोक) पाडून त्यात कुसू (दुसऱ्या पट्टीचं जिभेसारखं टोक) बसवलेलेच हवेत. नुसते स्क्रू मारलेले कोपरे चार पावसाळ्यांत उघडतात. दार चौकटीच्या आत बसणारं करा, वरून झाकणारं नको, आणि चारही बाजूंना सूतभर फट ठेवा. पितळी बिजागऱ्या, पितळी मुठी. ड्रॉवरला लोखंडी चॅनल लावायचं तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते. ते ड्रॉवर उघडल्यावरच दिसतं, आणि डाळींच्या जड ड्रॉवरला ते हवंच. चमच्यांच्या हलक्या ड्रॉवरला लाकडी पट्ट्या आणि मेण पुरतं.

ठरलेलं सगळं कागदावर उतरवा: लाकडाची जात आणि जाडी, प्लायचा दर्जा, बिजागऱ्या कुणी आणायच्या, पैसे कोणत्या टप्प्यावर किती. एक प्रत सुताराकडं, एक तुमच्याकडं.

गॅस, वीज, धूर

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडर बंद कपाटात कोंडू नका. ठेवायचाच तर दार पूर्ण जाळीचं हवं आणि खाली फरशीलगत मोकळी वाट. सिलिंडर उभाच, शेगडी त्याच्यापेक्षा उंच, नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि दर पाच वर्षांनी बदला. सिलिंडर साधारण दोन फूट उंच. वर रेग्युलेटर काढण्या-घालण्यासाठी पुरेशी जागा सोडा. उतरवलेल्या ओट्याखाली ती पुरत नाही, म्हणून त्याला शेजारच्या उंच भागाखाली घ्या.

वायरिंग कपाटांआधी, भिंतीवरून पाइपातून. फ्रिज, मिक्सर, घरगुती चक्की यांचे सॉकेट कुठं ते खडूच्या आखणीवरच ठरवा, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवायला विसरू नका. धुरासाठी साणं किंवा वरची खिडकी वापरा. चिमणीचा पाइप न्यायला तुळई कुणी कापणार नाही, हे आधीच बजावा.

पॉलिश आणि बसवणी

पॉलिशचं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत सर्वांत चांगलं होतं. पावसाळ्याच्या दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढरी झाक येते. लाखेचं पॉलिश कपाटाच्या आतून द्या. त्याला वास राहत नाही, म्हणून डबे-पिठाला ते बरं. बाहेरून, विशेषतः शेगडी-मोरीजवळ, ते टिकत नाही, गरम भांड्यानं आणि पाण्यानं डाग पडतात. तिथं झळाळी नसलेलं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. लांबच्या मांडणीला जवसाचं उकळलेलं तेल, पातळ हात, चार-पाच वेळा. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. अंगणात पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बसवताना क्रम असा: दगडी घडवंची आणि ओट्याचे आधार, मग ग्रॅनाइट, मग खालची लाकडी कपाटं सरकवायची, मग मांडणी, आणि सर्वांत शेवटी भिंतीलगतच्या पट्ट्या. कपाटं बाहेर ओढता येतील अशीच ठेवा. पाठीमागची भिंत वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पाहायची असते.

पहिल्या पावसाळ्यात एखादं दार अडेल. लगेच रंधा मारायला देऊ नका, दसरा-दिवाळीपर्यंत थांबा. तेव्हाही अडलं तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळून पाहा, मग कपाटाच्या पायाखाली पातळ पाचर देऊन पातळी तपासा. तरीही घासत असेल तरच बिजागरीच्या बाजूनं अर्धा सूत काढायला सांगा. मुठीची बाजू दिसते. तिथून काढलं तर पट्टीची रुंदी बिघडते. आणि रंधा लागलेल्या कडेवर त्याच दिवशी पॉलिशचा हात फिरवून घ्या.